नाद उत्सवाचा, साक्ष दोन कानांची

भाद्रपद लागला की कोकणातील घरांना कंठ फुटतो. वर्षभर मिटलेली दारे उघडतात, माळ्यावरच्या झांजा खाली येतात आणि चतुर्थीच्या दुपारी आरतीचा पहिला घोष उठतो. मखराची, मोदकांची, जास्वंदीच्या हारांची छायाचित्रे घरोघरी निघतात. परंतु त्या घराचा नाद कसा होता, असे दहा वर्षांनी कुणी विचारले तर आपण काय ऐकविणार?

हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो आमच्या आत्यांमुळे. गौरी माहेरी याव्यात तशा आत्या दर गणपतीस गावच्या घरी येत. पहाटे माजघरात बसून त्या भूपाळी म्हणत. तीही इतक्या हळू, की ती केवळ देवासच ऐकू जावी. तो स्वर, त्या माजघरासकट, जपून ठेवावा असे आम्ही मनाशी ठरविले आणि द्विकर्णी, म्हणजेच बायनॉरल, ध्वनिमुद्रणाच्या वाटेस लागलो.

या पद्धतीचे तत्त्व आपल्या मस्तकातच आहे. उजवीकडचा आवाज डाव्या कानास किंचित उशिरा पोहोचतो. हे अंतर फार झाले तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन-तृतीयांशाएवढे. शिवाय मध्ये मस्तकाची आडकाठी असल्याने त्या कानास तो आवाज क्षीणही लागतो. या दोन खुणांवरून दिशा कशी उमगते, याचे विवेचन लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली केले. आवाज पुढून आला की मागून, वरून की खालून, हे मात्र कानाच्या पाळीच्या वळणांवरून कळते. म्हणून दोन मायक्रोफोन दोन्ही कानांच्या तोंडाशी ठेवून मुद्रण केले आणि ते हेडफोनवर ऐकले, तर ऐकणारा त्या जागी जाऊन बसल्यासारखा होतो.

ही कल्पना आजची नव्हे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी तेथील ऑपेरागृहाचे गायन दोन कानांस दोन स्वतंत्र तारांवाटे ऐकविले होते. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘ऑस्कर’ नावाच्या पुतळ्याच्या मस्तकात मायक्रोफोन बसविले होते. १९७३ साली जर्मनीच्या नॉयमान कंपनीने केयू ८० हे कृत्रिम मस्तक आणले आणि १९९२ साली त्याच कुळातील केयू १०० आले. त्याची किंमत मात्र घरगुती हौसेस परवडणारी नव्हे. आपल्यासारख्यांनी आपलेच मस्तक वापरावे आणि कानांजवळ बसतील असे दोन इवलेसे मायक्रोफोन घ्यावेत, हेच बरे.

हे मायक्रोफोन सर्व दिशांचा आवाज सारखाच टिपणारे हवेत. समोरचाच आवाज उचलणारे व्याख्यानास ठीक. येथे दिशेची निवड आपले कानच करतात, मायक्रोफोनने त्यात ढवळाढवळ करू नये. दोन्हींची संवेदनशीलताही जुळलेली असावी. नाही तर सारी आरती एकाच बाजूस कललेली भासते. त्यांना लागणारा विद्युतदाब आपल्या रेकॉर्डरमधून मिळतो की नाही, हेही विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

इतके सारे पाहूनही २०२२ साली आम्ही फसलो. आमच्या डोळ्यांपुढे आरतीचा कल्लोळ होता; म्हणून मोठा आवाज न फाटता पेलतील असे, कानात दडणारे मायक्रोफोन आम्ही निवडले. आरती अप्रतिम उतरली. डाव्या हातास झांजा, उजवीकडे मृदंग, पाठीमागे मुलांच्या टाळ्या! पण पहाटेची भूपाळी लावली, तो काय? एक अखंड खरखर, आणि तिच्या आड कोठेतरी आत्या.

दोष यंत्राचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. प्रत्येक मायक्रोफोनची स्वतःची अशी एक खरखर असते आणि ती डेसिबलमध्ये त्याच्या माहितीपत्रकात दिलेली असते. केयू १०० ची अवघी १६ आहे. आमच्या त्या जोडीची ३५ होती! रात्रीच्या शांत खोलीतील आवाजच ३० डेसिबलच्या आसपास असतो, तेथे हळू गळ्याचा निभाव कसा लागावा? मायक्रोफोनचा पडदा जितका लहान, तितकी ही खरखर सामान्यतः अधिक. कमी खरखरीचे, सुमारे १० मिलिमीटर व्यासाचे मायक्रोफोनही मिळतात. ते कानाच्या आत मावत नाहीत, तोंडाशी अडकवावे लागतात आणि काही जवळच्या झांजेपुढे फाटतातही. परंतु झांजेपासून आपल्याला चार पावले मागे सरता येते. हळू स्वरास मोठे हो, असे सांगता येत नाही.

२०२३ च्या गणपतीत आम्ही तशीच जोडी कानांशी लावून माजघरात बसलो. कानांजवळचे मायक्रोफोन चटकन कुणाच्या ध्यानी येत नाहीत. म्हणूनच आधी सांगून संमती घेणे हे कर्तव्य. आत्या हसून म्हणाल्या, “अरे, माझ्या आवाजात आता काय उरलंय?” मान हलली की ऐकणाऱ्याभोवती सारे घर फिरते, म्हणून आम्ही मान स्थिर धरली. त्या वर्षी त्यांचा स्वर आणखी बारीक झाला होता. तरी तो उतरला. मध्ये घेतलेल्या श्वासासकट, समईशेजारून, डाव्या अंगास, आत्या बसत तेथूनच.

त्यानंतरच्या गणपतीस आत्या आल्या नाहीत. त्या आता येणारही नाहीत. चतुर्थीच्या पहाटे आम्ही हेडफोन लावतो, तेव्हा मान आपसूक डावीकडे वळू पाहते.

वाचकहो, प्रत्येक घरात असा एखादा हळू स्वर असतोच. मायक्रोफोन निवडताना सर्वांत मोठा आवाज कोणता, हे मागाहून पाहावे. जो गमावल्यास पुन्हा मिळणार नाही असा सर्वांत हळू स्वर कोणता, हे आधी ठरवावे. आणि तो स्वर या घटकेस घरात असेल, तर पुढल्या वर्षाची वाट पाहू नये.