लांडगे संपले, मग कुत्रेही

आमच्या गल्लीतल्या एका आजोबांकडे आयरिश वुल्फहाउंड होता. बागेत तो पहिल्यांदा समोर आला तेव्हा माझी लेक ओरडली, "आई, शिंगरू!" तिचं फारसं चुकलं नव्हतं. या जातीचा नर खांद्यापाशी किमान ७९ सेंटिमीटर उंच असावा असा नियमच आहे. आजोबा अभिमानाने म्हणाले, "मध्ययुगातली जात आहे."

मी शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय राहवलं नाही. आयर्लंडमध्ये हे कुत्रे लांडग्यांच्या शिकारीला नेत आणि परदेशी राजांना नजराणा म्हणून पाठवत. इतके बाहेर जाऊ लागले की १६५२ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीने त्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथले लांडगे संपले. कुत्र्यांना काम उरलं नाही, तशी तीही जात संपत आली.

१८६० च्या दशकात ग्लॉस्टरशायरमधल्या डर्स्लीजवळ राहणाऱ्या कॅप्टन जॉर्ज ग्रॅहम यांनी ती परत आणायचं मनावर घेतलं. जुन्या रक्ताचे म्हणवले जाणारे मोजके कुत्रे शोधून त्यांनी त्यांचा स्कॉटिश डिअरहाउंड, ग्रेट डेन आणि रशियन बोर्झोई यांच्याशी संकर केला. १८८५ मध्ये या जातीचा क्लब निघाला. म्हणजे आजोबांचा कुत्रा दिसायला मध्ययुगीन, पण वंशाने बराचसा व्हिक्टोरियन!

या उंचीची किंमतही आहे. हृदयविकार आणि हाडांचा कर्करोग या जातीत बराच आढळतो. आयुष्य जेमतेम सात वर्षांचं. आजोबांचा कुत्रा सहाव्या वर्षीच हृदयविकाराने गेला. लेक दोन दिवस नीट जेवली नाही.

तेव्हा तिला मी आपल्याकडच्या मुधोळ हाउंडची गोष्ट सांगितली. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनीही शिकारी कुत्र्यांची जात जोपासली. पण त्यांना ती नव्याने घडवावी लागली नाही. आसपासच्या गावांतल्या लोकांनी ती सांभाळलेलीच होती. राजांनी त्यातले उत्तम निवडून वाढवले. २००५ मध्ये या कुत्र्याचं टपाल तिकीटही निघालं.

लेकीने विचारलं, "मग तिथल्या लोकांनी लांडगे संपल्यावर कुत्रे का नाही सांभाळले?"

"काम संपलं की आपण सांभाळणं सोडतो, बाळा."

परवा आजोबा भेटले. नवं पिल्लू आणणार आहेत. "पुन्हा हीच जात?" मी विचारलं.

"हो," ते म्हणाले. "पण या वेळी आधी आईबापांच्या हृदयाची तपासणी बघणार, मग उंची."