वर्गातून निघणारी तंत्रज्ञानाची वाट

नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक तरी शिक्षक असा असतो, ज्याच्याभोवती मधल्या सुट्टीत सगळे जमतात. कुणाचा प्रोजेक्टर सुरू होत नाही, कुणाला यू-डायसची माहिती भरायची आहे, कुणाला आपल्या कवितेला चाल लावून तिची ध्वनिफीत करायची आहे. राज्यात २०१५ पासून ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, गावोगाव लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभे राहिले आणि अशा मंडळींना ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हटलं जाऊ लागलं. हौसेनं केलेल्या या कामातून पुढे जाण्याचा रस्ता निघतो का, असं अनेक तरुण शिक्षक आज विचारतात. रस्ता निघतो. मात्र तो कुठून सुरू होतो, हे आधी नीट समजून घ्यायला हवं.

परितेवाडीचं उदाहरण

या वाटेवरचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक नाव रणजितसिंह डिसले यांचं. अभियांत्रिकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ते शिक्षकी पेशाकडे वळले आणि २००९ मध्ये सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावून त्यामागे कविता, गोष्टी, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवण्याची त्यांची कल्पना पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

क्यूआर कोड हे तंत्र काही डिसल्यांनी शोधलेलं नव्हतं. पुस्तकात छापलेलं सगळ्या मुलांपर्यंत सारखं पोहोचत नाही, ही अडचण त्यांनी ओळखली होती. पुस्तकाची भाषा आणि मुलांच्या घरची भाषा यांतलं अंतर त्यांनी पाहिलं, याची नोंद पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशननंही घेतली आहे. हे अंतर आपल्याकडे नवीन नाही. रामटेक-पारशिवनीकडे गोंडी बोलणारी मुलं आहेत आणि नागपूर शहरात घरी हिंदी बोलून मराठी शाळेत येणारी मुलं आहेत. त्यांना कुठला शब्द अडतो हे त्यांच्या शिक्षकालाच ठाऊक असतं.

शिक्षकाचं भांडवल

शैक्षणिक तंत्रज्ञान म्हटलं की डोळ्यांपुढे संगणकाची आज्ञावली येते. प्रत्यक्षात या क्षेत्रातलं बरंचसं काम आज्ञावलीच्या आधीचं असतं: पाठ कसा उलगडायचा, प्रश्न कोणता विचारायचा, चुकलेल्या मुलाला पुढे काय दाखवायचं.

तिसरीच्या वर्गातलं एक साधं गणित घ्या. ४२ वजा १७. बरोबर उत्तर २५, पण अनेक मुलं ३५ लिहितात. दोनातून सात जात नाहीत म्हणून ती सातातून दोन वजा करतात आणि मोकळी होतात. वर्गात शिकवलेल्या माणसाला ही चूक लगेच कळते. त्यानं चाचणी तयार केली तर पर्यायांमध्ये ३५ असतंच आणि ते निवडणाऱ्या मुलाला पुढच्या पडद्यावर दशकाचा गठ्ठा सोडवून दाखवला जातो. वर्ग न पाहिलेला माणूस २३, २७, ३१ असे कोणतेही आकडे टाकतो. मग मूल चुकलं एवढंच यंत्राला कळतं, का चुकलं हे कळत नाही. उपयोगी ॲप आणि निरुपयोगी ॲप यांतला फरक इथे पडतो आणि तो शिक्षकाच्या अनुभवातून येतो.

हे काम चार प्रकारांत विभागलेलं दिसतं. पहिला आशयनिर्मितीचा: पाठाची संहिता, चित्रफीत, ध्वनिफीत. दुसरा मूल्यमापनाचा: प्रश्नपेढी बांधणं, उत्तरांवरून वर्गाची अडचण वाचणं. तिसरा प्रशिक्षणाचा: ‘निष्ठा’सारख्या कार्यक्रमांतून सहकाऱ्यांना तयार करणं. चौथा खासगी कंपन्या आणि संस्थांमधला: अभ्यासक्रमाची आखणी आणि साधन मुलांना पेलतं का, याची तपासणी. सरकारी बाजूचं मोठं व्यासपीठ म्हणजे ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेलं ‘दीक्षा’. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला, किंवा त्याखाली छापलेली सहा अक्षर-अंकांची खूण टाईप केली, की त्या पाठाचं साहित्य उघडतं.

नागपुरात राहून काय शिकता येईल?

बी.एड.च्या अभ्यासक्रमात राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनंतर माहिती-तंत्रज्ञानाचा समावेश झाला आहे, पण तेवढं पुरत नाही. इग्नूनं शैक्षणिक तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदविका आखली आहे आणि इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरात अमरावती रोडवर आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यासाठी दूरशिक्षणाचा हा मार्ग सोयीचा. ‘स्वयम्’वरचे अभ्यासक्रम घरबसल्या करता येतात. मुंबईत जाण्याची तयारी असेल तर एसएनडीटी विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि संशोधनाची ओढ असणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईत या विषयात पीएच.डी. करता येते.

पदवीबरोबर दाखवण्याजोगं काम हवं. गणितासाठी जिओजेब्रा, आवाजासाठी ऑडॅसिटी, मुलांच्या उत्तरांच्या नोंदींसाठी साधी गूगल शीट, ही सगळी साधनं मोफत आहेत. त्यांतलं एक घेऊन एकच घटक नीट करावा, तो आपल्या वर्गात वापरावा, आधीचं आणि नंतरचं मुलांचं काम जपून ठेवावं. मुलाखतीत असं एक पूर्ण काम दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलतं.

तंत्र महाग असलं म्हणजे शिक्षण चांगलं होतं, असंही नाही. टाळेबंदीत, जुलै २०२० मध्ये, एमकेसीएलनं सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आणली. टीव्ही हे जुनंच माध्यम, पण मुलांनी घरातल्या वस्तू घेऊन कृती करावी अशी तिची रचना होती, म्हणून ती व्याख्यानांच्या चित्रफितींहून वेगळी ठरली.

चकाकी आणि जबाबदारी

खासगी क्षेत्राकडे वळताना डोळे उघडे हवेत. बायजूज ही कंपनी एका शिक्षकानंच उभारली. २०२२ मध्ये तिचं मूल्य २,२०० कोटी डॉलर धरलं गेलं आणि २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. तिथे काम करणाऱ्या हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. म्हणून पगाराच्या आकड्याबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: या साधनानं मूल शिकलं की नाही, हे इथे कोण तपासतं? युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा रोखही हाच आहे. तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर वापरायचं हे शिकणाऱ्याच्या हितावरून ठरावं, असं तो सांगतो.

सरकारी बाजूची उणीव वेगळी आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची शिडी ठरलेली आहे: सहायक शिक्षक, पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांनी निवडश्रेणी. या शिडीत शैक्षणिक तंत्रज्ञानाची पायरीच नाही. तंत्रस्नेही शिक्षक वर्ग सांभाळून इतरांचीही कामं करतो आणि त्यातलं बरंचसं काम माहिती भरण्याचं असतं. खुद्द डिसल्यांच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेचा प्रश्न २०२२ मध्ये राज्यभर गाजला आणि त्याच वर्षी त्यांनी राजीनामा सादर केला. पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’नं १९८४ पासून मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम केले. ती संस्थाही २०१७ मध्ये बंद झाली. यंत्रसामग्री येते आणि जुनी होते. ती चालवणाऱ्या जाणत्या माणसांची कायमची सोय केली नाही, तर अनुभव त्यांच्याबरोबर निघून जातो.

उपाय अवघड नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत अशा शिक्षकांसाठी ठरावीक मुदतीची पदं असावीत, त्यांच्या कामाची नोंद सेवापुस्तकात व्हावी आणि आठवड्यातले काही तास त्यांनी वर्गावर शिकवणं बंधनकारक असावं. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि खासगी क्षेत्रात गेलेल्यांनी तर ती स्वतःच स्वतःला घालून घ्यावी. मुलं दरवर्षी बदलतात, त्यांच्या चुकाही बदलतात. वर्ग सुटलेला शिक्षक काही वर्षांतच जुन्या आठवणींवर पाठ रचू लागतो. शैक्षणिक तंत्रज्ञानात जाऊ पाहणाऱ्या नागपूरच्या शिक्षकांनी नवं जरूर शिकावं, मोठ्या संस्थांत जावं, चांगला मोबदलाही मागावा. फक्त मुलांसमोर उभं राहण्याचे तास हातचे सोडू नयेत, कारण या क्षेत्राला त्यांची गरज त्याच तासांमुळे आहे.