डोंगराच्या पोटातली नदी

फिलिपिन्सच्या पलावान बेटावरची पुएर्तो प्रिन्सेसा नदी चुनखडीच्या डोंगराखालून सुमारे ८.२ किलोमीटर वाहते आणि गुहेच्या तोंडाशीच थेट समुद्राला मिळते. भरतीचं पाणी आत शिरतं, म्हणून खालच्या टप्प्यात ते मचूळ लागतं. १९९९पासून हा जागतिक वारसा आहे.

साबांगच्या धक्क्यावरून मोटारबोट, थोडी जंगलवाट, मग वल्ह्यांची होडी. परवाना आधीच काढावा. आत माहिती कानाला लावलेल्या यंत्रातून मिळते. त्यामुळे होडीत शांतता असते आणि अंधारात टकटक आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढणाऱ्या पाकोळ्या स्पष्ट ऐकू येतात. हे ऐकण्यासाठी तरी जावंच.

छताला लोंबणारे लवणस्तंभ पावसाने घडवले. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पाणी किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडी विरघळवत खाली झिरपतं. छताला थेंब लटकतो, त्यातला वायू निसटतो आणि चुन्याचं कडं मागे उरतं. कड्याला कडं जुळत आधी पोकळ नळी, पुढे स्तंभ. जमिनीवर पडलेल्या थेंबांतून खालचे सुळके वर चढतात.

बोटांचा तेलकटपणा लागला की तिथे चुना नीट धरत नाही. स्तंभांना हात लावू नका.