पाटणचा मठ आणि फारसीचे दप्तर

चाळीसगावच्या दक्षिणेस, गौताळ्याच्या डोंगरपायथ्याशी वसलेल्या पाटण या जुन्या स्थानी भवानीच्या देवळातील जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 साली विद्वज्जनांच्या दृष्टीस आणला, त्याची गणना महाराष्ट्राच्या विद्येतिहासातील अव्वल दर्जाच्या साधनांत केली पाहिजे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता, त्याने आपल्या आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’चे व कुळातील इतर ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून येथे मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेव व त्याचा बंधू हेमाडिदेव यांनी त्यास उत्पन्न लावून दिले, ही हकीकत त्या लेखात नोंदली आहे. लेखाचा काळ शके 1128, म्हणजे तेराव्या शतकाचा आरंभ होय.

लेखाचा बहुतांश भाग संस्कृत श्लोकांचा असला, तरी देणग्यांचा तपशील आला की भाषा एकाएकी त्या काळच्या मराठीवर उतरते. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरील राजाकडे जाणाऱ्या करापैकी मठास काय मिळावे, दर घाण्यामागे पळीभर तेल कसे द्यावे, आणि या पेठेत जे काही मापले जाईल ते मठाच्याच मापाने कसे मापावे, हे तेथे स्पष्ट लिहिले आहे. ग्रहांच्या मध्यम गती शिकविणाऱ्या संस्थेचे माप बाजारातील धान्यालाही प्रमाण ठरावे, ही व्यवस्था मोठी अर्थपूर्ण आहे. कारण गणिताची परिभाषा शाळा आणि बाजार अशा दोन्ही ठिकाणी घडत असते, आणि मराठी परिभाषेच्या बाबतीत तर या दोहोंच्या जोडीला पुढे तिसरे स्थान आले, ते फारसी दप्तराचे.

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात खानदेशच्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा याने तापीकाठच्या थाळनेरास बस्तान बसविले, आणि पुढे त्याच्या वंशजांनी बऱ्हाणपूर ही आपली राजधानी केली. या राजवटीची राजभाषा फारसी असली तरी तिने संस्कृत ज्योतिषाकडे पाठ फिरविली नाही. फारुकी सुलतान राजे अली खान याने बऱ्हाणपुरास बांधलेल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेखही कोरला आहे, आणि त्यात राजवंशाच्या नामावळीनंतर बांधकामाचा काळ शके 1511 असा देऊन तिथी, नक्षत्र आणि घटिकांपर्यंतचा तपशील पंचांगकर्त्याच्या काटेकोरपणाने नमूद केला आहे. हा काळ इसवी सनाच्या गणनेने 1590 च्या आरंभी पडतो.

त्यानंतर थोड्याच अवधीत, 1591 साली, अकबर बादशहाचा वकील म्हणून याच राजे अली खानाकडे आणि तेथून पुढे अहमदनगरच्या निजामशहाकडे जो पुरुष पाठविला गेला, तो कविराज फैजी होय; आणि याच फैजीने चार वर्षांपूर्वी, 1587 साली, भास्कराचार्यांची ‘लीलावती’ फारसीत आणली होती. ज्या मुलखात त्या ग्रंथकाराच्या नातवाने मठ उभारला होता, त्याच मुलखाच्या दरबारी त्याचा फारसी भाषांतरकार राजकारणाच्या खटपटीसाठी येऊन राहिला. विवाहमुहूर्ताची घटिका मोजणाऱ्या पात्रात मोती पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि कन्येच्या सांत्वनासाठी पित्याने ग्रंथास तिचे नाव दिले, ही घरोघर सांगितली जाणारी कथा आपणांस फैजीच्या प्रस्तावनेतून मिळाली आहे. संस्कृत ग्रंथकाराविषयीची आपली सर्वांत लाडकी आख्यायिका फारसी लेखणीतून आली, याचे श्रेय त्या लेखणीस मोकळेपणाने द्यावयास हवे.

भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर 1634-35 च्या सुमारास अताउल्ला रशीदी याने शाहजहानसाठी केले. ताजमहालाशी ज्याचे नाव निगडित आहे त्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा पुत्र. औरंगाबादचा बीबी का मकबराही अताउल्लाच्याच देखरेखीखाली उभा राहिला. पाटणच्या माथ्यावरचा डोंगर ओलांडला की पलीकडे औरंगाबादचाच मुलूख लागतो. याच फारसी तर्जुम्यावरून एडवर्ड स्ट्रेची याने 1813 साली ‘बीजगणित’ इंग्रजीत नेले.

अशा भाषांतरांत दोन विद्यांच्या संज्ञा समोरासमोर आल्या. आपल्या ‘वर्गा’स ‘मुरब्बा’, ‘घना’स ‘मुकअब’, ‘व्यासा’स ‘कुत्र’, ‘परिधी’स ‘मुहीत’. अंशास ‘दर्जा’, कलेस ‘दकीका’, विकलेस ‘सानिया’. यांतील बहुतेक शब्द मूळचे अरबी, परंतु फारसी ग्रंथांनी ते आपलेसे केले होते. वर्गमूळ या अर्थी संस्कृतात ‘मूल’, अरबीत ‘जज्र’ आणि आजच्या फारसीत ‘रीशे’. तिन्हींचा वाच्यार्थ झाडाचे मूळ हाच आहे. शंकूची ‘छाया’ मोजणाऱ्या ज्योतिष्याची कल्पना अरबी ‘जिल्’ या शब्दात सावलीच्याच अर्थाने नांदते, आणि त्रिकोणमितीतील स्पर्शज्येस तेच नाव मिळाले आहे.

‘ज्या’ या संज्ञेचा प्रवास सर्वांत लांबचा आहे. धनुष्याची दोरी या अर्थाच्या ज्या किंवा जीवा या शब्दाचे अरबांनी ध्वनी ऐकून रूप केले, अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसल्यामुळे पुढच्या वाचकांनी ते ‘जैब’ असे वाचले, आणि या शब्दाचा अर्थ वस्त्राची चुणी किंवा उराजवळचा पोकळ भाग असल्याने लॅटिन भाषांतरकारांनी त्यास ‘सायनस’ हा प्रतिशब्द दिला. आज शाळेतील मुलगा ‘साइन’ म्हणतो तेव्हा तो भारतीय ज्येचेच अरबी-लॅटिन अपत्य उच्चारीत असतो. आणि खिसा या अर्थाने आपण जो ‘जेब’ शब्द वापरतो, तो याच ‘जैब’चा घरगुती भाऊ होय.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. फैजीची ‘लीलावती’ पुरी झाली त्याच साली, शके 1509 मध्ये, मूळच्या विदर्भातील घराण्यात जन्मलेल्या नीलकंठाने ‘ताजिकनीलकंठी’ रचली, आणि तीत ‘इत्तिसाल’चे इत्थशाल, ‘इन्सिराफ’चे ईसराफ असे अरबी शब्द संस्कृत छंदात निःसंकोच बसविले. वर्षफल सांगणारे आपले जोशी आजही ‘मुंथा’ म्हणतात. पुढे शाहजहानच्या काळी वेदांगराय याने ‘पारसीप्रकाश’ लिहून ज्योतिषातील संस्कृत व फारसी संज्ञांचा कोशच सिद्ध केला.

ग्रंथांतून असे आदानप्रदान चालले असता कचेऱ्यांतून त्याहून खोलवर काम होत होते. जमीनमहसुलाची जमाबंदी, जरिबेची मोजणी, तेरीज, वसूल, बाकी या व्यवहाराने मराठी कारकुनाच्या जिभेवर फारसी-अरबी संज्ञा रुजविल्या. त्याचा पुरावा आपल्या प्राथमिक शाळेत रोज मिळतो. गणिताच्या चार मूलभूत कृत्यांपैकी गुणाकार आणि भागाकार ही भास्कराचार्यांच्या परंपरेची नावे, तर बेरीज आणि वजाबाकी ही दप्तराची. त्यांतील ‘वजा’ हा अरबी ‘वजअ’चा अवतार, आणि ‘बाकी’ तर उघडच अरबी. ‘रकम’ म्हणजे मूळ अरबीत लिहिलेला अंक. आपण तीत पैसा ओतला. ‘दुर्बीण’ म्हणजे फारसीत दूरचे पाहणारी. ‘अंदाज’ या शब्दाचे कूळ विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे: मोजमाप या अर्थाच्या इराणी मूळ शब्दापासून अरबांनी ‘हंदसा’, म्हणजे भूमिती, हे शास्त्रनाम बनविले व त्यापासून अभियंत्यास ‘मुहंदिस’ म्हटले, त्याच मुळाची दुसरी शाखा आपल्या ‘अंदाजपत्रका’त एका संस्कृत शब्दाचा हात धरून उभी आहे. वैशाखात जळगावचे ‘कमाल तापमान’ 45 अंशांच्या घरात गेल्याचे ‘हवामान’ खाते कळविते, तेव्हा पूर्णत्ववाचक अरबी ‘कमाल’, अरबी ‘हवा’ आणि संस्कृत ‘मान’, ‘ताप’, ‘अंश’ यांचा एकाच वाक्यात मेळ पडलेला असतो, आणि केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या शेतकऱ्यास त्यात काहीही परके वाटत नाही.

शिवछत्रपतींच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला आणि त्याच्या दहा वर्गांत दप्तरी शब्दांस संस्कृत पर्याय योजिले गेले. स्वराज्यास स्वतःची वाणी देण्याचा तो प्रयत्न त्या प्रसंगी यथार्थ होता. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ उभारली, आणि इराणातही 1935 साली स्थापन झालेल्या फरहंगिस्तान या भाषासंस्थेने अरबी संज्ञांच्या जागी शुद्ध फारसी संज्ञा घडविण्याचे काम हाती घेतले. स्वभाषेचा अभिमान हा या सर्व उद्योगांचा पाया आहे आणि तो आदरणीय आहे. परंतु कोणती संज्ञा टिकली याचा हिशेब मांडू लागले असता असे दिसते की, जी नित्याच्या कामात उपयोगी पडली ती राहिली, मग तिचे कूळ कोणतेही असो. ‘व्यवकलन’ हा शब्द भास्कराचार्यांचा असूनही लोकांनी ‘वजाबाकी’ पत्करली. आणि ‘जर्ब’ व ‘तकसीम’ हे दप्तरी शब्द हाताशी असताही ‘गुणाकार’ व ‘भागाकार’ सोडले नाहीत. ही निवड कोणा मंडळाने केलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पंतोजींनी व कारकुनांनी केली आहे, म्हणून नव्या परिभाषेच्या कर्त्यांनी संस्कृत धातूंइतकीच या दप्तराचीही चौकशी केली पाहिजे.

या चौकशीस खानदेशाइतके योग्य स्थान क्वचितच असेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठीतील फारसी शब्दांच्या प्रमाणाची जुन्या पत्रांवरून मोजदाद केली. 1926 च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात त्यांनी देह ठेवला, आणि लगेच 1927 साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. माधव ज्यूलियनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ 1925 पासून अभ्यासकांच्या हाती आहे. कागद आहेत, कोश आहे, पाटणचा लेख आहे. आता मोडी दप्तरांतील मोजणी, माप, वजन, हिशेब, जमीन आणि पंचांग यांच्या संज्ञा वेचून, प्रत्येकीचे मूळ, तिचा दप्तरी अर्थ आणि शास्त्रातील पर्याय दाखविणारा कोश धुळे-जळगावच्या अभ्यासकांनी एकत्र बसून करावा. विज्ञानाचा मराठी शिक्षक वर्गात उभा राहील तेव्हा त्याच्या हाती पाटणची आणि बऱ्हाणपूरची, अशा दोन्ही परंपरांची संपत्ती असली पाहिजे, कारण ती कायदेशीर वारशाने त्याचीच आहे.