पाऊल पडण्याची मुदत

गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठच्या एका अंगणवाडीत सेविकाबाई वजने नोंदवहीत उतरवून घेत असता, भिंतीशी एका सव्वा वर्षाच्या मुलाचा उद्योग अव्याहत चालला होता: आधाराने उभे राहावे, एक हात सोडावा, पावले फाकवून अर्धे पाऊल पुढे टाकावे, गुडघे लवताच मटकन बसावे, आणि खेदाचा लवलेशही न दाखविता पुन्हा भिंत धरावी.

"ह्याच्या भावानं वर्षाच्या आतच पाऊल टाकलं व्हतं, बाई," त्याची आजी चिंतेने म्हणाली.

"आजी, ह्याची मुदत अजून सरली नाही. रांगतंय, धरून उभं राहतंय. दीड वर्षाचं होऊनही चाललं नाही, तर मीच तुम्हाला दवाखान्यात धाडीन."

बाईंच्या ह्या उत्तराला शास्त्राचा भक्कम आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील बालकांच्या निरीक्षणावरून २००६ साली जे कालमान प्रसिद्ध केले, त्यानुसार निरोगी मूल ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान केव्हाही आधाराविना चालू लागते. काही निरोगी मुले तर रांगण्याची पायरीच गाळतात.

पलीकडे दोन वर्षांची एक मुलगी रिकाम्या वाटीतून बाहुलीला वरणभात भरवीत होती, आणि मदतनीसताईंनी वाटी मागताच "नाही, माझं!" असे निक्षून सांगून तिने ती पाठीमागे दडविली. वाटीत नसलेले अन्न कल्पिणे, दोन शब्द जोडणे आणि आपले स्वत्व ठासून सांगणे ही ह्या वयाची तीन मोठी संपादने तिने एका क्षणात प्रकट केली; तिच्या हट्टाला दुर्गुण म्हणणे हा तिच्यावर अन्याय होय.

मात्र हाकेला न वळणारे, बोटाने काहीच न दाखविणारे अथवा आलेले शब्द गमावणारे मूल 'होईल हळूहळू' म्हणून सोडून देण्याजोगे नव्हे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीस येतात. परंतु दोन तपासण्यांमधील महिन्यांत मुलाच्या वाढीवर नजर ठेवतात त्या आजी आणि सेविकाच. म्हणून सेविकेचे काम आहारवाटपापुरते न मानता, निरीक्षणासाठी तिला पुरेसा अवकाश आणि प्रशिक्षण देणे हे आपले कर्तव्य आहे. कारण वेळेवर हेरलेली उणीव पुष्कळदा उपचाराने कमी करता येते, आणि गमावलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.