दुखणं गुडघ्याचं, उपाय पायरीचा

गुडघेदुखीच्या रुग्णाला 'किती चालता?' एवढंच विचारून भागत नाही. 'बसमध्ये चढता येतं का?' हेही मी ओपीडीत विचारतो. सपाट रस्त्यावर अर्धा तास चालणाऱ्या कित्येक आजी इथे मान हलवतात. मग देवळात जाणं सुटतं, लेकीकडे जाणं सुटतं, तपासणीची तारीखही चुकते.

पायरी चढताना काही क्षण सगळं शरीर एका वाकलेल्या गुडघ्यावर तोललेलं असतं. त्या वेळी सांध्यावर वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. उतरताना तर थोडा जास्तच. पायरी जितकी उंच, तितका गुडघा अधिक वाकतो आणि मांडीच्या स्नायूंवर ताण वाढतो. गुडघ्याची झीज, अर्धांगवायू, कंपवात असेल, तर इथेच तोल जातो.

जुन्या ट्राममध्ये चाकं, आस आणि मोटारी डब्याखाली असत. त्यामुळे डब्यातली जमीन उंच आणि दारात दोन-तीन पायऱ्या. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात 1987 साली ट्राम नव्याने सुरू झाली, तेव्हा दिव्यांगांच्या संघटनांनी आग्रह धरला, की ती सगळ्यांना वापरता आली पाहिजे. तिथे दाराशी जमीन सुमारे 35 सेंटिमीटरवर आणली गेली आणि थांब्याचा फलाटही त्याच बेताने बांधला. अशा ट्राममध्ये विजेची बरीच यंत्रणा छतावर जाते. व्हिएन्नात तर पुढे दोन चाकांना जोडणारा आसच काढून टाकला, मोटारी डब्यांच्या जोडापाशी उभ्या बसवल्या. दाराशी उंची उरली 20 सेंटिमीटरपेक्षाही कमी!

मात्र खालची जमीन हे निम्मंच काम. फलाट आणि दार जुळलं, तरच व्हीलचेअर, काठी किंवा बाबागाडी सहज आत जाते. आपल्याकडे लो-फ्लोअर बस आहेत. पण बस थांब्यापासून चार हात दूर, रस्त्याच्या मध्येच उभी राहिली, की आजींना आधी खाली उतरून मग वर चढावं लागतं. नव्या गाडीचा फायदा तिथेच निम्मा संपतो.

तोवर एवढं लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी आणि एक हात कायम दांडीवर. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पाऊल उचलू नका. आणि चालकदादांना विनंती, गाडी थांब्याला लावूनच उभी करा. गुडघ्यांसाठी तेही औषधच आहे.