पाण्यातली म्हैस आणि परगावची मोटार

'पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल' अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. म्हैस डोहात डुंबत असते तेव्हा तिचे डोके व शिंगे तेवढी दिसतात. पाय लंगडा आहे की धड, हे काठावरच्या गिऱ्हाइकाला कळत नाही. तरीही तो सौदा ठरवतो आणि मागाहून पस्तावतो. सातशे किलोमीटरवरच्या शहरातली वापरलेली मोटार चार छायाचित्रांवरून विकत घेणारा आजचा गृहस्थ याच काठावर उभा असतो. या व्यवहाराविषयी मला जे थोडेफार कळले, ते आज आपणांस सांगणार आहे. त्यातला काही भाग कायद्याच्या पुस्तकांतून कळला आणि काही स्वतःच्या चुकीतून.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे माझे वास्तव्य बंगळुरात आहे. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले हे शहर मराठी माणसाला अगदीच परके नाही. येथे देशभरातून माणसे नोकरीसाठी येतात, चार-दोन वर्षे राहतात आणि दुसऱ्या शहरी किंवा परदेशी निघून जाताना आपली मोटार मागे ठेवून जातात. शिवाय हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मुंबईच्या खाऱ्या हवेत गाडीचा पत्रा जसा गंजतो तसा येथे गंजत नाही. म्हणून 'बंगळूरची गाडी' म्हटले की आपल्याकडील पुष्कळांचे कान टवकारतात. अँबॅसडर व फियाट गाड्यांसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्या काळात वापरलेली गाडी कधी कधी नव्या गाडीहूनही महाग विकली जाई. १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली आणि ती टंचाई हळूहळू सरली. आता प्रश्न गाडी मिळण्याचा उरलेला नाही. तो पारखण्याचा आहे.

माझा एक मावसभाऊ कऱ्हाडला असतो. मावशीला आठवड्यातून दोनदा उपचारासाठी मिरजेला न्यावे लागे, आणि दर खेपेला भाड्याची गाडी करणे त्याला परवडेना. त्याने साठवलेल्या पैशांत बसेल अशी एक गाडी जयनगरातल्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे होती. "दादा, तू तिथेच आहेस, एकदा बघून ये आणि हो म्हण," असा त्याचा फोन आला. मी गेलो.

गाडी पाहताना काय पाहावे, हे प्रथम सांगतो. बंगळूरच्या गाडीचे धावलेले किलोमीटर बहुधा थोडे असतात. पण त्यावर भाळू नये. येथील वाहनांच्या गर्दीत दहा किलोमीटर जायला तासभर लागतो. इंजिन चालू राहते, क्लच झिजत राहतो, आणि मीटरवरचा आकडा मात्र जागच्या जागी असतो. तो आकडा मागे फिरवताही येतो. म्हणून दुरुस्तीच्या जुन्या पावत्यांवरील नोंदींशी तो ताडून पाहावा. टायरच्या बाजूला चार अंक कोरलेले असतात. '२३१९' असे असेल तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाले असे समजावे. चार वर्षांत अवघी पंधरा हजार किलोमीटर धावलेल्या गाडीला नवी कोरी टायरे का लागली, हा प्रश्न विचारायला संकोचू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. २०२२ च्या सप्टेंबराच्या आरंभी अतिवृष्टी होऊन बेळंदूर, सर्जापूर रस्ता आणि बाहेरचा वर्तुळाकार मार्ग हा शहराचा भाग पाण्याखाली गेला, आणि तळघरांत उभ्या केलेल्या मोटारी बुडाल्या. २०१९ च्या ऑगस्टातील महापूर पाहिलेल्या कोल्हापूर-सांगलीकरांना हे चित्र वेगळे सांगायला नको. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत धरते. अशी गाडी पुढे लिलावात जाते, धुऊन-पुसून, रंग चढवून पुन्हा बाजारात उभी राहू शकते. तेव्हा म्हणीतली म्हैस खरोखरच पाण्यातून आलेली असते. तिची ओळख अशी : सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्याच्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. पायांखालची सतरंजी उचलून हुंगावी. आसने ज्या लोखंडी पट्ट्यांवर सरकतात, त्यांवर गंज आहे का ते पाहावे.

तिसरी गोष्ट ओळखपत्राची. गाडीच्या सांगाड्यावर सतरा अक्षरांकांचा क्रमांक कोरलेला असतो. तो नोंदणीपत्रावरील क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. केंद्र सरकारच्या 'वाहन' या नोंदणीकोशात गाडीच्या क्रमांकावरून मालक कितवा, विम्याची मुदत कोणती आणि कर्जाचा बोजा आहे की नाही, हे पाहता येते.

या सर्व कसोट्यांना प्राध्यापकांची गाडी उतरली. माणूस सज्जन, गाडी निगुतीने वापरलेली. मी मावसभावाला होकार कळवला, त्याने पैसे पाठवले, आणि तिसऱ्या दिवशी गाडी मोटारी वाहून नेणाऱ्या लांब ट्रकवर चढली. कागदांचे काय, असे प्राध्यापकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "ते मागाहून होतील." आयुष्य कागदांत घालवलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारावे, याची मला आज लाज वाटते.

श्रोतेहो, दूरदेशीची मोटार घेताना दोन वेगवेगळे प्रवास सुरू होतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. एक लोखंडाचा, दुसरा कागदाचा. लोखंडाचा प्रवास तसा सोपा असतो. बंगळुराहून तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा राष्ट्रीय महामार्ग ४८ सरळ कऱ्हाडला येतो. ट्रक गावात शिरत नाही. महामार्गाच्या कडेला फळी लावून गाडी उतरवून देतात. चढवण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, मीटरचा आकडा पावतीवर लिहून घ्यावा, गाडीत सामान भरू नये, आणि काचेवरचा विक्रेत्याचा फास्टॅग बंद करवून घ्यावा. नाहीतर पुढचा टोल त्याच्या खात्यातून जात राहील.

पण या सोप्या प्रवासातही एक खाच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला की तो सकृद्दर्शनी गिऱ्हाइकाच्याच हवाली झाला असे मानतात. म्हणजे ट्रक हुबळीजवळ उलटला, तर नुकसान घेणाऱ्याचे. वाहतूकदार काय देईल? २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे मालाची अधिक जोखीम आगाऊ जाहीर करून तिचे जादा भाडे भरले नसेल, तर त्याची जबाबदारी मर्यादित राहते. गाडीचा विमा असतो खरा, आणि रस्त्याने वा रेल्वेने वाहून नेताना झालेली हानीही त्यात धरलेली असते. पण तो विमा विक्रेत्याच्या नावाचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे की, मालकी बदलली की त्रयस्थाला झालेल्या इजेपुरता विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो, गाडीच्या स्वतःच्या हानीचा जात नाही. विक्रेत्याची गाडी उरलेली नाही आणि घेणाऱ्याचा विमा झालेला नाही, अशा अवस्थेत ती वाटेवर असते. म्हणून गाडी ट्रकवर चढण्यापूर्वी विमापत्र आपल्या नावावर करून घ्यावे, किंवा वाहतुकीचा स्वतंत्र विमा आपल्या नावाने उतरवून त्याचा कागद हातात घ्यावा. 'भाड्यात विमा धरलाय' या तोंडी आश्वासनाला काही किंमत नाही.

आता कागदाचा प्रवास. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात झालेली नोंदणी देशभर चालते. पण गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली की तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी जुन्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला हवा. विक्रेता २८ क्रमांकाचा अर्ज सांगाड्याच्या क्रमांकाच्या पेन्सिलछापासह देतो. कर थकलेला नाही आणि गाडी चोरीची नाही, याची खात्री करून कार्यालय दाखला देते. अर्जावर तीस दिवसांत निर्णय कळवावा असे कायदा सांगतो. विक्रीचे २९ व ३० हे अर्ज त्यासोबत असतात. परराज्यातील गाडीच्या बाबतीत विक्रेत्याने पंचेचाळीस दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. मग आपल्याकडच्या परिवहन कार्यालयात गाडीची तपासणी होते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. पेट्रोलवरील नव्या खाजगी गाडीला तो किमतीनुसार ११ ते १३ टक्के असतो. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराचा उरलेला भाग नवी नोंदणी दाखवून अर्ज केल्यास परत मिळतो. तो कोणी घ्यायचा, हे सौद्याच्या वेळीच लिहून ठेवावे. कराची ही रक्कम विसरून 'बंगळुरात गाडी स्वस्त' असा हिशेब करणारे पुष्कळ आहेत.

आमच्या बाबतीत लोखंड चार दिवसांत कऱ्हाडला पोचले आणि कागद अडला. प्राध्यापकांनी गाडीचे कर्ज कित्येक वर्षांपूर्वी फेडले होते, परंतु नोंदणीपत्रावरचा बँकेचा बोजा उतरवलाच नव्हता. त्यासाठी ३५ क्रमांकाचा अर्ज आणि बँकेचा दाखला हवा. बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, जुने कागद सापडेनात. दिवस जात राहिले. मावशीच्या मिरजेच्या फेऱ्या सुरू झाल्या होत्या. गाडी उत्तम चालली होती. मावसभाऊ निश्चिंत होता, आणि खरे सांगायचे तर मीही.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी प्राध्यापक माझ्या दारात उभे राहिले. हातात त्यांच्या भ्रमणध्वनीवर आलेल्या संदेशांची छापील प्रत होती. महामार्गावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल त्यांच्या नावाने दोन वेळा दंड झाला होता. दंडाचे पैसे मावसभावाने त्याच दिवशी भरले. पण प्राध्यापक त्यासाठी आले नव्हते. ते हिंदीतून शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडी विकून पैसे मी घेतले. पण सरकारच्या वहीत ती अजून माझी आहे. उद्या तिच्याखाली कोणी सापडले, तर दारात कोण येईल?"

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, म्हणूनच ते देववेना. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या अशाच प्रकरणात निकाल दिला आहे. गाडी विकलेली होती, हातोहात पुढे गेली होती, आणि २००९ साली अपघात झाला तेव्हा ती भलत्याच्याच ताब्यात होती. तरीही नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने नोंदणीत ज्याचे नाव होते त्याच्यावर ठेवली. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडी कितव्या हातात आहे ते शोधत हिंडू नये, हा त्यामागचा विचार. विचार न्याय्य आहे. पण याच न्यायाने एक निवृत्त शिक्षक माझ्या 'मागाहून होतील' या शब्दावर विसंबून आपली आयुष्याची पुंजी टांगणीला लावून बसला होता. घेणाऱ्याची फसवणूक कशी होते, हे आपण नेहमी ऐकतो. घेणाऱ्याच्या आळसाने विकणारा कसा भरडला जातो, हे सहसा कोणी सांगत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे : कागद आधी निघू द्यावा, लोखंड मागाहून. बोजा उतरलेला असावा, २८, २९ व ३० हे अर्ज सह्यांसह दाखल झालेले असावेत, विमा बदललेला असावा. मगच गाडी ट्रकवर चढवावी, आणि किमतीचा शेवटचा हप्ता ना-हरकत दाखल्याच्या बदल्यात द्यावा. व्यापाऱ्यामार्फत व्यवहार असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांची मदत होते. अधिकृत व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याचे परिवहन कार्यालयाला कळवले की मधल्या काळात तोच मालक समजला जातो. विकणाऱ्याने व्यापाऱ्याकडे ते अधिकारपत्र आहे का, हे अवश्य विचारावे.

आमचा कागद पोचायला साडेतीन महिने लागले. त्या काळात मावसभावाला मी गाडी दाराशी उभी करायला लावली, आणि मावशीच्या मिरजेच्या फेऱ्या पुन्हा भाड्याच्या गाडीने झाल्या. तो माझ्यावर रागावला, मावशी रागावली नाही. गाडीवर कऱ्हाडच्या क्रमांकाची पाटी लागली त्या दिवशी त्याने पेढे वाटले. मी मात्र पहिला फोन जयनगरला केला.